विचारलं काय, सांगितलं काय

"ताई, ती कॅसेट मी पुसली नाही जी. एवढंच सांगायला आले. कुणीतरी हे लिहून घ्या."

बाई दारातच उभी होती. पंचेचाळिशीची, हडकुळी, बोटांच्या टोकांवर तारांना डाख देताना पोळल्याचे बारीक डाग. खुर्ची समोर होती, पण ती बसली नाही.

"लिहून घेण्याचंच काम केलंय मी जन्मभर," प्रियदर्शनी रणपिसे म्हणाल्या. "बसा. समाधान, पाणी दे."

समाधान वाघमारे पाणी आणायला उठला. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगत, पोळी-भाजी केंद्राच्या वर ताईंच्या या दोन खोल्या होत्या. प्रियदर्शनीताईंनी बत्तीस वर्षं न्यायालयात लघुलेखकाची नोकरी केली होती. वकील काय विचारतात आणि साक्षीदार काय सांगतात, ते शब्दन् शब्द उतरवलं होतं. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या. समाधान रिक्षा चालवायचा आणि ताईंची रिक्षा म्हणजे समाधानची रिक्षा, हे ठरूनच गेलं होतं.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी प्रवाशाची बॅग पळवल्याचा आळ त्याच्यावर आला होता. चौकशीत त्याच्या भावाची दारू निघाली, त्याने तोडलेला सिग्नल निघाला, त्याचं आठवीत सुटलेलं शिक्षणही निघालं. ताईंनी एकच विचारलं होतं, "ही बॅग रिक्षात ठेवताना कुणी पाहिली?" कुणीच पाहिली नव्हती. बॅग बसथांब्यावरच राहिली होती. त्या दिवसापासून रोज सकाळी रिक्षा बाहेर काढताना समाधानला ताईंची आठवण यायची.

पाणी पिऊन बाई बोलू लागली. तिचं नाव रतन सरकटे. मूळची वाशीमची. बुधवार पेठेत उत्तरेश्वर दिवटे यांच्या दुकानात नऊ वर्षं कामाला. जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे आणि कॅसेटवरचे आवाज मोबाइलमध्ये उतरवून द्यायचे, हे दुकानाचं काम.

"बुधवारी नम्रता ढवारे म्हणून बाई आल्या. त्यांच्या आईची कॅसेट होती. चौऱ्याण्णव साली वडिलांनी घरी भरलेली. आई आता नाहीत. तेवढाच आवाज उरलेला."

"कॅसेट कशी होती?"

"पांढरी, आता पिवळी पडलेली. वरच्या कडेचे दोन्ही दात वडिलांनी तेव्हाच मोडून टाकलेले. दात मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही ना. कॅसेटवर नाव नव्हतं, डबीच्या कागदावर 'आई' लिहिलेलं."

"गुरुवारी तुम्ही तिला काय केलंत?"

रतन थोडी चकित झाली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "आवाज दबका येत होता. आत टेपच्या मागे शेंगदाण्याएवढी मऊ गादी असते, ती झडली होती. मी स्क्रू काढून नवीन लावली. तपकिरी लोकरी फेल्ट संपलं होतं, म्हणून हार्मोनियमचं हिरवं होतं त्यातला तुकडा कापला. मिनिटभर लावून पाहिली, आवाज साफ आला. मग डबीत घालून खणात ठेवली आणि साडेपाचला घरी गेले."

"गादीचं कुणाला सांगितलं?"

"कुणाला? शेठ गिऱ्हाइकाशी बोलत होते. आणि दुसऱ्या दिवशी मला बोलूच कोण देतं?"

शुक्रवारी सकाळी नम्रताबाई आल्या, कॅसेट लावली, तर नुसती खरखर. दोन्ही बाजू कोऱ्या. मालकाने तिथल्या तिथे रतनला काढून टाकलं होतं.

*

उत्तरेश्वर दिवटे यांच्या दुकानात पाटी होती : 'कॅसेटवर काय आहे ते आम्ही ऐकत नाही. ऐकलं तरी सांगत नाही. विचारू नये.' दुकान चिंचोळं, भिंतीला स्पीकर रचलेले, काही उघडे, त्यांची जाडजूड चुंबकं बाहेर आलेली.

"त्या चुंबकावर ठेवली असणार तिने," उत्तरेश्वर म्हणाले. "संपला विषय."

"कॅसेट बघू."

ताईंनी डबी उघडली आणि कॅसेट समाधानच्या हातात दिली. "मला चष्मा लागतो. तू सांग काय दिसतं ते."

समाधानने ती उजेडात धरली. "पिवळट पांढरी आहे. वरचे दोन्ही दात तुटलेले. तुटलेल्या जागी मात्र प्लास्टिक पांढरंशुभ्र आहे. पुढे टेप दिसते, तिच्यामागे तपकिरी गादीसारखं काहीतरी."

"छान," ताई म्हणाल्या आणि वहीत लघुलिपीच्या चार रेघोट्या ओढल्या. मग उत्तरेश्वरांकडे वळल्या. "गुरुवारी संध्याकाळी रतन गेल्यावर तुम्ही दुकान सोडून कुठे गेला होतात?"

"अहो, तीस वर्षं हे दुकान चालवतोय मी. परदेशातून माणसं येतात माझ्याकडे."

"येत असतील. गुरुवारी दुकान सोडलं होतंत?"

"त्या बाईला उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे सांगितलं का तिने? आवाजाच्या दुकानात बहिरी बाई! मी दया म्हणून ठेवली."

"नऊ वर्षं दया केलीत. आता माझा प्रश्न."

"शेजारच्या दुकानात तर मागच्या वर्षी गिऱ्हाइकाचा अख्खा टेपरेकॉर्डर हरवला. त्यांना नाही कुणी विचारायला आलं!"

समाधानला ते पटलं. खरंच, शेजारच्याला का विचारू नये? ताईंनी मात्र वहीतली तीनही वाक्यं एकेका रेघेने खोडली आणि पेन खाली ठेवून स्वस्थ बसल्या. बाहेर दगडूशेठला जाणाऱ्यांची वर्दळ चालू होती.

"दहा मिनिटं," उत्तरेश्वर शेवटी पुटपुटले. "माझी स्कूटर उचलून नेत होते हो. नो-पार्किंगची गाडी आली होती. मी पळालो. एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्यांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा."

"कोण गिऱ्हाईक?"

"नाव कशाला विचारू? रेडिओ दाखवायला आले होते. मी परत आलो तर म्हणाले, नंतर येतो."

"धन्यवाद," ताई म्हणाल्या. "हे उत्तर."

*

नम्रता ढवारे मार्केट यार्डाजवळ राहायच्या. चाळिशीच्या, बँकेत नोकरीला. डोळे रडून सुजलेले.

"तुम्हाला काय कळणार?" दार उघडल्या उघडल्या त्या म्हणाल्या. "माझी आई इंदुबाई. यार्डात वीस वर्षं कांदे निवडले तिने. तिचा आवाज होता तो. आणि तुम्ही त्या बाईची बाजू घेऊन आलात?"

समाधानला तेही पटलं. हिची आई गेली, आवाज गेला, आणि आपण प्रश्न कसले विचारायचे?

"बाजू अजून कुणाचीच घेतलेली नाही," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचं दुःख खरं आहे. पण रतननेच कॅसेट पुसली, हे त्यातून कसं कळतं, ते सांगा."

नम्रताबाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बोलताना ती डोळ्यांकडे बघत नाही."

"ओठांकडे बघते. एक कान गेलेली माणसं बघतात."

नम्रताबाईंनी मान खाली घातली. "हे मला सुचलंच नाही."

"कॅसेट दुकानात आहे, हे कुणाला माहीत होतं?"

"फक्त दादाला. दिग्विजयदादा. पुढच्या रविवारी त्याचा सत्कार आहे, त्याच्या गाण्यांच्या पुस्तकासाठी. कार्यक्रमाची सुरुवात आईच्या आवाजाने करायची, असं माझ्या मनात होतं. बुधवारी तसं सांगून त्याला पावतीचा फोटो पाठवला. त्याला इतकं बरं वाटलं, की काही बोलूच शकला नाही."

"तुम्ही स्वतः ती कॅसेट कधी ऐकली होती?"

"नाही हो. भरली तेव्हा मी आठ वर्षांची, मावशीकडे होते. नंतर घरातला टेप बिघडला. बाबांनी तेव्हा दोन कॅसेट आणल्या होत्या, एक भरली, दुसरी दादाकडे कुठेतरी कोरीच पडलेली."

"कॅसेटसाठी दुकानात पुन्हा कधी गेलात? रतनशी कॅसेटबद्दल काही बोलणं?"

"बुधवारी दिली ती शुक्रवारी सकाळीच हातात घेतली. आणि तेव्हा मी बोलत नव्हते, ओरडत होते."

*

दिग्विजय ढवारे बिबवेवाडीत राहायचे. पांढरी दाढी, खादीचा झब्बा, टेबलावर पुस्तकाच्या प्रतींचा ढीग. गाण्यांखाली त्यांचंच नाव होतं. ते अदबीने बोलले, चहा मागवला.

"गाणी फार साधी आणि सुंदर आहेत," ताई पान उलटत म्हणाल्या. "सगळी तुमचीच?"

"आजकाल लोक एकमेकांचं उचलून छापतात, ताई. मी निदान आपल्या मातीतलं तरी लिहितो."

"हो. सगळी तुमचीच?"

"पुस्तकाला तीन मान्यवरांनी प्रस्तावना दिली आहे," ते हसून म्हणाले.

ताईंनी प्रस्तावना चाळल्यासारखं केलं. "गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला आपण कुठे होता?"

दिग्विजयांचा चेहरा थोडा ओढला गेला. "मला हे कळत नाही, की तुम्ही त्या बाईला वाचवायला का निघालात? माझ्या बहिणीने विश्वासाने कॅसेट दिली. दुकान पाहिलंत? जागेवर काही नाही. बहीण आत्ताच फोनवर म्हणाली, बाईला ऐकू येत नाही. शिक्षण असेल सातवी-आठवी. कॅसेटच्या पोटात हिरवी चिंधी चिकटवणाऱ्या बाईला तुम्ही कारागीर म्हणता? आणि उद्या माझ्या आईचा आवाज परत आणून देणार आहे का ती?"

समाधानला लाज वाटली. आठवी तर तोही नव्हता झालेला. पण माणूस बोलत होता आईबद्दल, आणि त्याचा आवाज खरोखर कापत होता.

ताईंनी सगळा परिच्छेद उतरवून घेतला. मग सवयीने रेघ ओढायला लागल्या आणि अर्ध्यात थांबल्या.

"उद्या अकराला दिवट्यांच्या दुकानात याल का? बहीणही येणार आहे."

"कशाला?"

"तुमच्या आईसाठी," ताई म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर समाधानने आरशातून विचारलं, "ताई, सगळे बरोबरच बोलतायत असं मला वाटतं. माझं डोकंच चालत नाही."

"बरोबर बोलतायत की चूक, हे नंतर बघायचं. आधी बघायचं, मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे का. रतनला ऐकू कमी येतं, हे खरं आहे. त्याने कॅसेट कोरी होते का? दिवटे तीस वर्षं धंदा करतात, हे खरं आहे. म्हणून ते दुकानातून हलले नाहीत का?"

"मग माणसं असं का बोलतात?"

"दिवट्यांना लाज वाटत होती. नम्रताला दुःख झालं होतं. तुझ्या वेळी लोकांना नुसती घाई होती. दर वेळी खोटेपणाच असतो असं नाही रे."

"आणि दिग्विजय?"

ताई रस्त्याकडे बघत राहिल्या. "चल, हिरवा झाला सिग्नल."

*

रविवारी दुकानाचं शटर अर्धं वर होतं. रतन कोपऱ्यात उभी होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. नम्रताबाई आल्या आणि त्यांच्या मागून दिग्विजय.

"अहो, हे तर—" उत्तरेश्वर म्हणाले.

"थांबा, दिवटे. तुम्हाला विचारीन तेव्हा." ताईंनी वही उघडली. "या प्रकरणात मी पानभर मजकूर खोडलाय. रतनचा कान, रतनची नजर, रतनचं शिक्षण, शेजारचं दुकान, प्रस्तावना. त्यातलं काहीच कॅसेट कोरी कशी झाली ते सांगत नाही. ते सगळं बाजूला केलं, तर हातात उरते फक्त कॅसेट. तर कॅसेटकडेच बघू."

त्यांनी कोरी कॅसेट टेबलावर ठेवली.

"मूळ कॅसेटचे दात चौऱ्याण्णव साली मोडलेले. मोडलेली जागाही अंगासारखीच पिवळी पडायला हवी. समाधानने पाहिलं, ती पांढरीशुभ्र आहे. म्हणजे हे दात या आठवड्यात मोडलेत. दुसरं. रतनने गुरुवारी आत नवी गादी बसवली. हार्मोनियमच्या फेल्टची, हिरवी. या कॅसेटची गादी तपकिरी आहे, कारखान्यातून आलेली. म्हणजे कॅसेट पुसली गेलेली नाही. बदलली गेली आहे. डबी तीच, कॅसेट दुसरी."

नम्रताबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "म्हणजे आईची कॅसेट…"

"आहे कुठेतरी. जोडीतली दुसरी कोरी कॅसेट कुणाकडे होती, ते तुम्हीच सांगितलंत. दुकानाचा पत्ता कुणाला माहीत होता, तेही. पण माहीत असणं म्हणजे करणं नव्हे, म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही." ताईंनी पान उलटलं. "काल मी दिग्विजयरावांना विचारलं, गुरुवारी सहाला कुठे होता. त्यांनी रतनच्या कारागिरीवर बोट ठेवलं. मी ते खोडणार होते, कारण प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता. पण त्यात एक वाक्य होतं. 'कॅसेटच्या पोटात हिरवी चिंधी चिकटवणाऱ्या बाईला तुम्ही कारागीर म्हणता?'"

ताईंनी टेबलावरच्या कॅसेटच्या तपकिरी गादीवर बोट ठेवलं.

"हिरवी गादी रतनने गुरुवारी बसवली. तिने कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी नम्रताने पाहिली ती कॅसेट तपकिरी गादीची. हिरवी गादी ज्याने पाहिली, त्याने गुरुवारनंतर खरी कॅसेट हातात घेतली आहे. वाक्य माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देऊन गेलं. आता बोला, दिवटे."

"हेच ते!" उत्तरेश्वर म्हणाले. "रेडिओ घेऊन आले होते."

"दादा?" नम्रताबाई भावाकडे वळल्या.

दिग्विजय खाली बसले. समाधानला वाटलं, आता हा माणूस पुन्हा काहीतरी भलतंच बोलेल. त्यांचा हात नुसता झब्ब्याच्या खिशावर गेला.

"आणखी एक सांगते," ताई आता वही न बघता बोलत होत्या. "इथे भिंतभर चुंबकं आहेत. आवाज नष्टच करायचा असता, तर कॅसेट त्यांच्यावर दोन वेळा फिरवली की झालं. आळही रतनवरच आला असता. तुम्ही तसं केलं नाहीत. दात मोडून, जोडीची कॅसेट आणून, बदलून नेलीत. तुम्हाला ती लपवायची होती, मारायची नव्हती. म्हणून मी पोलिसांकडे न जाता तुम्हाला इथे बोलावलं."

दिग्विजयांनी झब्ब्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पिवळी कॅसेट होती, टेपमागे हिरवा ठिपका.

"तीन दिवस खिशातच आहे. घरी ठेवायला धीर होईना," ते म्हणाले. "गाणी आईची आहेत, नमू. सगळी. कॅसेटवर ती स्वतःच म्हणते, 'हे मी जोडलेलं.' भरली तेव्हा पहिली बाजू मी तिथे बसून ऐकली होती. मग कामावर गेलो. पुस्तकावर नाव माझं छापलं तेव्हा वाटलं, कोण विचारतंय. आणि तू म्हणालीस, सत्काराला हीच लावू."

ते रतनकडे वळले. तिला ओठ दिसतील असं समोर उभं राहून बोलले. "तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. तुम्ही कॅसेट नीट केली होती. मी उलटंच बोललो."

रतनने मान हलवली. कॅसेट घेतली आणि टेपरेकॉर्डरमध्ये घातली. "दुसरी बाजू मी पण ऐकली नाही," ती म्हणाली. "लावू?"

खरखर झाली. मग एका बाईचा जाडाभरडा, मोकळा आवाज दुकानात आला :

*कांदा निवडला बाई, डोळं धुऊन निघालं,*
*जग म्हणालं रडती, हसू कुणा ना दिसलं.*

नम्रताबाईंनी तोंडावर हात ठेवला. गाणं संपलं. आवाज बोलू लागला.

"आता शेवटचं सांगते. हे समदं म्या कांदं निवडताना जोडलं. मला लिवता येत न्हाई. माझा दिगू कामावरून दमून यायचा, तरी एक एक वळ वहीत उतरवायचा. त्यो नसता तर ही गाणी पाल्यासंगं उडून गेली असती. त्येचं लई उपकार हायेत माज्यावर. लेकाचं उपकार म्हनू नये म्हनत्यात, पर हायेत."

टेप फिरत राहिली. दिग्विजय रडत होते, आवाज न करता. एकतीस वर्षं जी बाजू त्यांनी ऐकली नव्हती, तिच्यात आईने त्यांची जागा ठेवलेली होती. तेवढी त्यांना पुरली असती.

नम्रताबाई उठल्या आणि रतनच्या पाया पडायला वाकल्या. रतनने त्यांना मध्येच धरलं. "नको जी. आवाज साफ आला ना, बस."

"उद्यापासून ये कामावर," उत्तरेश्वर भिंतीकडे बघत म्हणाले. मग घसा साफ करून, तिच्याकडे वळून : "चुकलं माझं, रतन."

*

पुढच्या रविवारी मार्केट यार्डाजवळच्या छोट्या सभागृहात समाधान मागच्या रांगेत बसला होता. दिग्विजय ढवारे माइकसमोर उभे राहिले. हातातला भाषणाचा कागद त्यांनी उघडलाच नाही.

"या पुस्तकावर माझं नाव आहे, ते चुकीचं आहे," ते म्हणाले. "गाणी इंदुबाई ढवारे यांची आहेत. मी फक्त लिहून घेतली. पुढच्या छपाईत तसंच असेल. ज्यांना सत्कार परत घ्यायचा असेल त्यांनी घ्यावा. मला हे वेळेवर बोलायला लावणाऱ्या दोघी जणी इथे बसल्या आहेत. त्यांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि यापुढे दुसऱ्याचे वापरणार नाही."

आयोजक एकमेकांकडे बघू लागले. सभागृहात कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात बाजूच्या टेबलावर बसलेल्या रतनने बटण दाबलं.

इंदुबाईंचा आवाज भरून आला. पहिली ओळ संपली, आणि तिसऱ्या रांगेतून दुसरी ओळ कुणीतरी आधीच म्हटली. समाधानने मान उंचावून पाहिलं. नम्रताबाईंनी यार्डातून बोलावून आणलेल्या चार म्हाताऱ्या होत्या, पदर डोक्यावर घेतलेल्या. त्यांच्यासमोर पुस्तक नव्हतं, असतं तरी वाचता आलं नसतं. त्या कॅसेटच्या अर्धी ओळ पुढेच होत्या. 'हसू कुणा ना दिसलं' म्हणून झालं आणि चौघी एकदम खदखदून हसल्या, जणू गाण्यात तिथे हसायचंच असतं.

समाधानच्या शेजारी प्रियदर्शनीताई बसल्या होत्या. वही मिटलेली होती. त्याही हसत होत्या.